सातवी कवळी

"टोचते," सासूबाई म्हणाल्या.

दातवालीने हातातला चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सूप पीत होता. सरकारी खात्यात दुकानदारांची वजनंमापं तपासायची त्याची नोकरी. बाहेर त्याला ग्रॅमभराचा फरक खपत नसे, पण घरात आई आणि बायको यांच्यापैकी कुणाचंही पारडं खाली जाताना दिसलं की त्याला ताबडतोब भूक लागायची.

"कालच तर घातलीत," दातवाली म्हणाली. "आरशात पाहून छान म्हणालात."

"छान आहेच. पण टोचते."

"कुठे टोचते? उजवीकडे, डावीकडे, वर, खाली?"

"सगळीकडे."

"सगळीकडे कशी टोचेल, आई? मी कवळी केली आहे, काट्यांची फांदी नाही. आत्ता घाला, मी निळा कागद चावायला देते, टोचते तिथे गडद ठिपका उमटेल."

"आत्ता नको. हिरड्या सुजल्यात," असं म्हणून सासूबाईंनी दुधात भिजवलेला पाव तोंडात घातला आणि हिरड्यांनीच चावून गिळला. सुजलेल्या हिरड्यांचं लक्षण काही दिसत नव्हतं.

ही सातवी कवळी होती. चार वर्षांत सात. पहिली टोचते म्हणून सासूबाईंनी परस्पर कचऱ्यात टाकली. दुसरी झिपऱ्याने, म्हणजे घरच्या कुत्र्याने, पळवली. तिसरी खिडकीत वाळत ठेवली होती म्हणे, ती कावळ्याने नेली. कवळी पाण्यात ठेवायची असते, वाळत घालायला ती काय पायमोजा आहे, हे दातवालीने तेव्हा ओरडून सांगितलं होतं. चौथी बसमध्ये राहिली. पाचवी कशी गेली ते सासूबाईंनाही सांगता येईना; त्या नुसत्या "गेली" म्हणाल्या, एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल सांगावं तशा. सहावी शिंकताना गटारात पडली. दरवेळी दातवालीने दाताच्या कण्या केल्या, की आई, टोचली तर टोचली, पण ती फेकू नका, मला आणून दाखवा, कुठे चुकलं ते मला कळू द्या. पण दाखवायला कवळी कधी हजरच नसायची.

दातवाली हे नाव तिला गल्लीने दिलं होतं आणि ते तिला आवडायचं. घराच्या मागच्या खोलीत तिची लॅब होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायची आणि ते घासून घासून असं गुळगुळीत करायची की जिभेलाही कळू नये. बावीस वर्षं ती हे करत होती. आसपासच्या चार वस्त्यांतली म्हातारी माणसं तिच्या दातांनी सफरचंदं खात होती, भांडत होती आणि फोटोत हसत होती.

आणि तिची स्वतःची सासू बोळक्या तोंडाने बाजारात हिंडत होती. हिंडत होती ते होतीच, वर भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगतही होती, "आमच्या सूनबाईने करून दिली हो, पण टोचते." डॉक्टर एकदा हसत हसत म्हणाले होते, "काल तुमच्या सासूबाई दिसल्या. मला वाटलं तुम्ही दुसरा धंदा काढलात." दातवालीही हसली होती. घरी आल्यावर तिने दोन जबडे जुळवायचं आपलं यंत्र पूर्ण उघडून, पुसून, तपासून पुन्हा जोडलं. त्यात काही बिघाड नव्हता. मग बिघाड तिच्यातच असणार.

तेव्हापासून तिच्या मनात ते घर करून बसलं. साचा ओतताना हात थोडा हलतो का? डोळे गेले का? आधी ती एक कवळी एकदा तपासायची, आता चार वेळा तपासू लागली. कुणाची तक्रार आली नाही तर लोक भिडेखातर बोलत नसतील असं तिला वाटायचं. घरातलं माणूस खरं सांगतं, बाहेरचे गोड बोलतात, असा तिने हिशेब मांडला होता. तो कुठल्याही शहाण्या माणसाने मांडला असता.

सातवी करताना तिने मनाशी ठरवलं होतं की ही शेवटची. ही टोचली तर आपला हात गेला म्हणायचं आणि थांबायचं. तीन आठवडे ती त्या एका कवळीसाठी खपली. डॉक्टरांना नेऊन दाखवली, ते म्हणाले उत्तम. सासूबाईंच्या तरुणपणीच्या फोटोत वरचा डावीकडचा दुसरा दात जरासा तिरपा होता, हसल्या की तो आधी दिसायचा. दातवाली तो दात प्रत्येक कवळीत तस्साच तिरपा बसवायची, म्हणजे कवळी घातली तरी माणूस तेच दिसावं. सातव्या कवळीत तर तो तिने फोटो भिंगाखाली धरून बसवला होता.

आणि आज ती टोचत होती. सगळीकडे.

दातवाली उठली, लॅबमध्ये गेली आणि तिने कंपनीच्या माणसाला फोन केला. ही कंपनी यंत्राने दात बनवायची आणि गावोगावच्या लहान लॅब आपल्यात ओढून घ्यायची. तिचा माणूस वर्षभर खेटे घालत होता. लॅब त्यांच्या ताब्यात द्यायची आणि त्यांच्या ऑफिसात टेबलामागे बसून आलेल्या डब्यांवर शिक्के मारायचे, असं ते काम होतं. हात लावायला नको, चूक व्हायला नको.

"शनिवारी पाचला कागद घेऊन या," ती म्हणाली. "सही करते."

नवऱ्याला तिने हे सांगितलं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं. आईला मात्र आत्ताच नको सांगायला." का नको हे त्याने सांगितलं नाही, कारण त्याला तेवढ्यात कुठेतरी जायचं होतं.

आता सासूबाईंच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल सांगायला हवं. खरं तर तोच त्यांचा पहिला उद्योग होता. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्या काही वर्षं शांत होत्या. मग लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर बुधवारी चार म्हाताऱ्या जमू लागल्या आणि एक खेळ खेळू लागल्या. टेबलावर नकाशा मांडायचा, आपण कुठल्याशा जादूच्या राज्यातून प्रवास करतोय असं धरायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून पुढे काय घडतं ते ठरवायचं. गणिताच्या बाई गोष्ट सांगायच्या आणि नियम सांभाळायच्या. एक निवृत्त नर्स तलवारबाज होती, बेकरीवाली पुजारीण होती आणि सासूबाई दरोडेखोर होत्या. बुधवारी संध्याकाळी त्या घरी यायच्या त्या कुणाचा तरी खजिना लुटूनच. मग जेवताना तो कसा लुटला ते ऐकावं लागायचं.

एवढ्यावर थांबतं तर दातवालीची काही हरकत नव्हती. पण त्या राज्यात वाटेवर जे प्राणी आडवे यायचे ते नुसते मनात आणून सासूबाईंचं भागेना. त्यांनी ते बनवायला घेतले. तारेचा सांगाडा, वर्तमानपत्राचा लगदा, प्लास्टिकच्या बाटल्या कापून केलेले खवले, कबुतरांची पिसं. झिपऱ्याला त्या रोज विंचरायच्या ते त्याच्या भल्यासाठी नव्हे, केसांसाठी. न्हाणीघराच्या बादलीत लगदा भिजत पडलेला असायचा. इस्त्रीच्या टेबलावर पंख वाळत असायचे. दातवालीचं मेण जायचं, पातळ ब्रश जायचे, तिची चांगली पकड महिन्यातून दोनदा एखाद्या बोकडाच्या पोटात सापडायची. एकदा एक तातडीची कवळी न्यायला डॉक्टरांचा माणूस दारात उभा होता आणि डबा उघडला तर आत कासवाचे चार पाय.

"आई, माझ्या डब्याला हात लावू नका म्हणून किती वेळा सांगू?"

"पाय छोटे आहेत, कुठेही हरवतात. तुझे डबे बरे असतात, झाकणाचे."

आणि त्या प्राण्यांची ती तोंडं! घुबडाचं डोकं असलेलं कासव असो की पंखवाला बोकड, प्रत्येकाचं तोंड सताड उघडं आणि आत काही नाही. घरभर बोळकी जनावरं आ वासून बसलेली. दातवालीने एकदा वैतागून विचारलं होतं, "यांना दात का नाहीत?"

"दात मी तिकडे लावते, लायब्ररीत. घरी धूळ बसते."

"कसले लावता?"

"मिळतील ते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

काड्यापेटीच्या काड्या असतील, भोपळ्याच्या बिया असतील, असं दातवालीला वाटलं आणि ती आपल्या कामाला लागली. लायब्ररीत जाऊन ते प्राणी पाहावेत असं तिला चार वर्षांत एकदाही वाटलं नाही. घरात त्यांचा जन्म पाहून ती इतकी कंटाळलेली असायची की पुढची वाटचाल पाहायचा तिला उत्साहच नव्हता. तिची चूक झाली असेल तर ती एवढीच.

त्या शनिवारी लायब्ररीत हाताने केलेल्या प्राण्यांचं प्रदर्शन होतं. पहिला येणारा प्राणी मुलांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात कायमचा राहणार होता. सासूबाई महिनाभर दुसरं काही बोलत नव्हत्या. त्यांचा प्राणी म्हणजे चिखलराणी. धड मगरीसारखं, मान बगळ्यासारखी, आयाळ झिपऱ्याची. ती एवढी मोठी झाली की दारातून बाहेर काढताना दारच उतरवावं लागलं. ते नवऱ्याने निमूटपणे उतरवलं, आणि परत बसवायचं सोमवारवर टाकलं.

शनिवारी दुपारी दोनला फोन वाजला. गणिताच्या बाई होत्या.

"शेपूट राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चिखलराणीचं शेपूट घरी राहिलंय. तीनला परीक्षण आहे. तुमच्या सासूबाई इथे हातपाय गाळून बसल्या आहेत. शेपटाशिवाय ती नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात?"

"मी केलेल्या," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

नवरा कुठल्याशा धान्यबाजारात तराजू तपासायला गेला होता. शनिवारी! दातवाली दोन मिनिटं लॅबच्या दारात उभी राहिली. पाचला सही करायची होती. त्याआधी तिला सगळी हत्यारं पुसून, तेल लावून, जागच्या जागी ठेवायची होती. बावीस वर्षांच्या हत्यारांचा तेवढा मान ठेवायलाच हवा होता. त्याऐवजी ती जिन्याखालून पाच फुटांचं हिरवं शेपूट ओढून काढत होती. त्याच्या टोकाला झिपऱ्याच्या केसांचा गोंडा होता आणि झिपऱ्या तो आपलाच आहे असं समजून त्याच्यामागे भुंकत रस्त्यापर्यंत आला.

बसमध्ये शेपूट उभं राहीना, आडवं धरलं तर तीन सीट अडत होत्या. कंडक्टरने खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे काय आहे?"

"शेपूट."

"कुणाचं?"

"सासूबाईंचं," दातवाली म्हणाली. इतकी ती कावली होती. कंडक्टरने पुढे काही विचारलं नाही आणि मागच्या बाईने आपली पिशवी मांडीवर घेतली.

लायब्ररीच्या हॉलमध्ये भिंतीला लागून टेबलं मांडलेली होती. कुणी लोकरीचा कोल्हा विणला होता, कुणी सशाला कागदाचं चिलखत घातलं होतं, एका तलवारधारी मातीच्या मांजरीभोवती बरीच गर्दी होती. त्याहून जास्त गर्दी कोपऱ्यात होती. तिथून किंकाळ्या आणि हसण्याचे आवाज येत होते. दातवाली शेपूट सांभाळत, माफ करा, माफ करा म्हणत तिकडे गेली.

सासूबाईंनी एकट्या चिखलराणीवर भागवलं नव्हतं, चार वर्षांतली खास मंडळी मागे रांगेत मांडली होती. घुबडकासव, पंखवाला बोकड, दोन तोंडांचा मुंगूस, सगळे ओळखीचे. यांचे पाय तिने आपल्या डब्यातून काढून फेकले होते. पण घरी जी तोंडं रिकामी असायची ती आता रिकामी नव्हती. बोकड हसत होता. माणसासारखा हसत होता, छान एकसारख्या दातांनी, गुलाबी हिरड्यांसकट. ते इतकं भयंकर दिसत होतं की समोरची दोन मोठी माणसं एकमेकांना धरून उभी होती.

दातवाली वाकली. बोकडाचा वरचा डावीकडचा दुसरा दात जरासा तिरपा होता.

तिने घुबडकासवाकडे पाहिलं. चोचीच्या आत तोच दात, तसाच तिरपा. मुंगसाच्या एका तोंडात, मुंगसाच्या दुसऱ्या तोंडात, शिंगवाल्या बेडकात, केसाळ माशात. ती एकेकासमोर वाकत गेली. कचऱ्यात गेलेली, झिपऱ्याने नेलेली, कावळ्याने नेलेली, बसमध्ये राहिलेली, नुसतीच गेलेली, गटारात पडलेली. शेवटी मधोमध चिखलराणी, जबडा वासून, आणि त्या जबड्यात सातवी. भिंगाखाली बसवलेला तो दात सगळ्यात पुढे चमकत होता.

खाली एक पुठ्ठा लावला होता. त्यावर सासूबाईंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: कल्पना, शरीर आणि रंग माझे. केस झिपऱ्याचे. दात माझ्या सूनबाईचे.

आधी तिला राग आलाच नाही. ती पुढे होऊन एकेका जबड्यात बोट घालून पाहू लागली. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसतात ना, दाढ दाढेवर येते ना. सातही जबड्यांत येत होती. कुठे तसूभर फट नव्हती. एकाही कवळीला एक ओरखडा नव्हता, कुणी कधी घासच चावला नव्हता त्यांनी. मग मात्र राग आला, आणि तो असा आला की हातातलं शेपूट तिच्याही नकळत जमिनीवर आपटलं.

"आलीस होय!" सासूबाई पुढे झाल्या. "दे लवकर, जोडायचंय."

"आई," दातवाली म्हणाली, "ही कावळ्याने नेली होती ना?"

सासूबाईंनी बोटाच्या रोखाने पाहिलं. मग छताकडे पाहिलं. "ती होय. सापडली नंतर."

"आणि ही गटारात?"

"तीही सापडली."

"सात कवळ्या, आई! चार वर्षं! मी घसा फोडून विचारतेय कुठे टोचते, कुठे टोचते. तुम्ही त्यातल्या एका तरी कवळीने एक घास चावलात का?"

आजूबाजूचे लोक प्राणी सोडून यांच्याकडे पाहू लागले. नर्सने बेकरीवालीला कोपराने ढोसलं. सासूबाईंनी पदराशी चाळा केला, आणि मग एकदम मान वर केली.

"नाही चावला. पहिली घातली तेव्हा मला नकोच झाली, हिरड्यांची सवय होती माझी. म्हटलं टाकून देण्यापेक्षा बोकडाला बसते का बघू. बसली. आणि गणिताच्या बाई किंचाळल्या. चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई ती, किंचाळली! मग मला दुसरी हवी झाली. काय सांगू तुला, बोकडासाठी कवळी कर? तू केली असतीस?"

"नसती केली!"

"मग? आणि माझ्या तोंडात राहून काय झालं असतं? कुणाला दिसली असती? तू जन्मभर कामं केलीस, एका माणसाने तरी म्हटलं का की वा, काय दात केलेत? इथे बघ, आज सकाळपासून शंभर माणसांनी विचारलं, दात कुणी केले."

"कुणाला दिसायला नकोच असतात ते!" दातवालीचा आवाज चिरकला. "दिसले नाहीत, टोचले नाहीत, म्हणजेच जमले. तेवढंच माझं काम आहे. आणि तुम्ही सगळ्या बाजाराला सांगत फिरलात की टोचतात. मला वाटलं माझा हात गेला, आई. चार वर्षं मी कवळी पाठवताना घाबरते. आज पाचला कंपनीचा माणूस येतोय. मी लॅब देऊन टाकतेय त्याला."

टेलिफोन ऑफिसात सासूबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या वाईट बातम्या जोडून दिल्या होत्या, त्यामुळे त्या सहसा हलत नसत. आता त्यांनी टेबलाची कड धरली.

"यंत्र विकायला येत होता ना तो?"

"यंत्र नाही. लॅब घ्यायला."

"माझ्या टोचण्यामुळे?"

सासूबाईंनी चिखलराणीकडे पाहिलं. तीनला दहा मिनिटं कमी होती. पलीकडच्या टेबलापर्यंत ग्रंथपाल आणि परीक्षक येऊन पोचले होते.

"पकड आहे का कुणाकडे?" सासूबाईंनी विचारलं.

पकड त्यांच्याच पिशवीत होती, दातवालीची चांगली पकड. त्यांनी ती चिखलराणीच्या जबड्यापाशी नेली आणि सुनेकडे पाहिलं. "कवळी आत तारेत बांधली आहे. काढायची तर जबडा मोडावा लागेल."

गणिताच्या बाई मध्ये पडल्या. "अहो, दहा मिनिटं थांबा! परीक्षण होऊ दे, मग मोडा."

सासूबाई थांबल्या नाहीत की पुढेही झाल्या नाहीत. त्या सुनेकडेच पाहत होत्या. दातवालीला कळत होतं की आपण आता राहू द्या म्हणायला हवं. सगळा हॉल तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि दुसरी कुठली सून असती तर तिने म्हटलंही असतं. पण पाचला सही करायची की नाही हे तिला त्या कवळीकडूनच कळणार होतं, आणि कवळी राणीच्या तोंडात होती. चार वर्षं तिने घरातल्या चिकट बादल्या सहन केल्या होत्या. आता तिला मोठं मन दाखवायची अजिबात इच्छा नव्हती.

"मोडा," ती म्हणाली.

कडाड आवाज झाला. महिनाभर वाळलेला लगदा, बाटल्यांचे खवले आणि अर्धी आयाळ टेबलावर आली. नर्सने डोळे झाकून घेतले. दातवालीने कवळी घेतली, लायब्ररीच्या मागच्या नळाखाली कोमट पाण्याने गोंद सोडवला, पर्समधल्या ब्रशने आणि साबणाने ती घासघासून धुतली आणि सासूबाईंच्या हातात ठेवली. सासूबाईंनी ती तोंडात बसवली. बेकरीवालीने आपल्या डब्यातलं सफरचंद पुढे केलं.

सासूबाईंनी चावा घेतला. चार वर्षांत पहिला. असा करकरीत आवाज झाला की मातीच्या मांजरीपाशी उभे असलेले परीक्षकही वळून पाहू लागले. सासूबाई चावत राहिल्या, डोळे मोठे करून, कुणीतरी आपल्या तोंडात भलतंच काही सुरू केलंय अशा चेहऱ्याने. दुसरा चावा, तिसरा चावा. शेवटी सफरचंदाचा देठ तेवढा उरला.

काचेचं कपाट लोकरीच्या कोल्ह्याला मिळालं. जबडा मोडलेल्या राणीसमोर परीक्षक क्षणभर थांबले, "शेपूट छान आहे," म्हणाले आणि पुढे गेले.

घरी परतताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, मांडीवर आडवं शेपूट. बरंच अंतर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सही करू नकोस."

"ते मी ठरवीन."

"ठरव. पण करू नकोस." मग जरा वेळाने, जीभ गालात फिरवत, "एक सांगू? रागावशील."

"आणखी काय राहिलंय?"

"डावीकडे, खाली, अगदी मागे. जरासं टोचतं."

दातवालीने डोळे मिटून घेतले. कंडक्टर लांबूनच परत गेला.

पाचला कंपनीचा माणूस आला तेव्हा घराला दार नव्हतं, म्हणून तो सरळ आत आला आणि आवाजाच्या दिशेने लॅबपर्यंत पोचला. सासूबाई उंच खुर्चीवर दिव्याखाली बसल्या होत्या, तोंड उघडं. दातवाली त्यांच्या दातांमध्ये निळा कागद धरून उभी होती.

"खरंच टोचतं ना? की परत कुणाला दात लागतायत?"

"राणीचा जबडा मोडून आले मी," सासूबाई कागदासकट बोलल्या. "आता कशाला खोटं बोलू?"

"चावा."

त्यांनी चावलं. दातवालीने कवळी काढून दिव्याखाली धरली. सगळ्या दाढांवर फिकट निळे ठिपके उमटले होते, एकसारखे. आणि डावीकडे, खाली, अगदी मागच्या दाढेवर एक ठिपका बाकीच्यांपेक्षा गडद होता, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक.

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. टोचायला खरंच जागा होती. चार वर्षं ती जिच्यामागे धावली ती चूक कुठे नव्हतीच, म्हणून सापडत नव्हती. ही होती. ही तिच्याच हातून झाली होती, केसाएवढी, आणि दोन मिनिटांत जाणार होती. तिला रडू आलं, आणि आलं म्हणून आणखी चीड आली.

"मॅडम," कंपनीचा माणूस दारातून म्हणाला, "कागद आणलेत. सहीचं तेवढं..."

"आज नाही."

"मग सोमवारी येऊ?"

"सोमवारीही नको. आणि दारात उभे राहू नका, उजेड अडतोय. पेशंट आहे."

माणूस बाजूला झाला. दातवालीने मशीन सुरू करून तो ठिपका घासला, फुंकर मारली, कवळी पाण्यातून काढून सासूबाईंच्या तोंडात बसवली आणि मध्ये नवीन निळा कागद धरला.

"चावा," ती म्हणाली.

सासूबाईंनी मुकाट्याने चावलं.